उशिराचं झाड

मला स्वस्थ बसता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर सासूबाई तेच म्हणायच्या, फक्त आवाज वेगळा. शाळेत नोकरी होती तोवर हा दोष खपून गेला. मास्तरीण खुर्चीत बसली नाही म्हणून कुठलं पोर तक्रार करत नाही. निवृत्त झाले आणि लोणखेड्याच्या घरात मी बरण्यांच्या मागे लागले. मसाल्याच्या बरण्या आधी उंचीप्रमाणे लावल्या, मग रंगाप्रमाणे, मग पुन्हा उंचीप्रमाणे. शेवटी नवरा हात जोडून म्हणाला, "तू कुठंही जा, काहीही कर, पण हळद होती तिथंच राहू दे."

म्हणून मैत्रिणीनं विचारलं तेव्हा मी तिचं पुरतं ऐकूनही न घेता हो म्हटलं.

ही मैत्रीण पुरुषोत्तमनगरची, साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. जन्मभर भूगोल शिकवला. तिची मुलगी परदेशात असते. मुलीकडे गेली असताना ही बाई तिथल्या काही लोकांबरोबर थेट पॅलेस्टाईनला जाऊन आली होती, ऑलिव्हच्या हंगामात. तिथले शेतकरी बापजाद्यांच्या झाडांकडे निघाले की वरच्या टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीतली माणसं खाली उतरतात, दगड मारतात, भरलेली पोती उधळतात. बाहेरचं कुणी बघायला असलं तर त्यातल्या त्यात हात आखडता राहतो. तर हिचं काम एवढंच: त्यांच्या शेजारी उभं राहायचं, फळं काढायची आणि दिसत राहायचं. एकदा पळापळ झाली आणि ही दगडी बांधावरून पडली. डावं मनगट वाकडं जुळलं. चहाचा कप उचलताना अजूनही तिच्या तोंडावर कळ उमटते.

तिच्या फोनमध्ये त्या दिवसांची एक चित्रफीत आहे. झाडाखाली ताडपत्री अंथरलेली, वर निसणीवर माणसं, आणि दोघंतिघं लांब काठ्यांनी उंचावरच्या फांद्या सपासप झोडपताहेत. खाली फळांचा सडा. मैत्रीण म्हणायची, "घाई असते गं. झाडापाशी जायची परवानगीच दोन दिवसांची. दोन दिवसांत निघेल ते त्यांचं." ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल! मला तिच्यातली घाई आवडली. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मी जो घोळ घातला त्याचं मूळ तिथं आहे.

आमचं काम मात्र ऑलिव्हचं नव्हतं, मोहाचं होतं. तळोद्याच्या पुढं, जिथं सपाटी संपते आणि सातपुड्याचा चढ सुरू होतो, तिथं एका पाड्याच्या पायथ्याला मोहाची चार झाडं आहेत. पाड्यावरची एक म्हातारी आणि तिची सून, दोघी ती झाडं वेचायच्या. सून माझ्या मैत्रिणीची जुनी विद्यार्थिनी. म्हातारीला सगळे याहा म्हणत, म्हणजे आई. त्यांच्याकडे देवीलाही हाच शब्द आहे. मीही तेच म्हणू लागले. याहाचा मुलगा होळीपुरता घरी आला आणि होळी उतरताच गुजरातेत ऊसतोडीला परत गेला. घरात या दोघीच.

डोंगरात रीत अशी, की जमीन कुणाचीही असो, मोहाचं झाड जे घर वेचत आलं त्या घराचं. झाड वाटणीत येतं. हंगाम लागायच्या आधी धनी झाडाखालचा पालापाचोळा झाडून गोल अंगण करून ठेवतो. ते झाडलेलं अंगण दिसलं की दुसरं कुणी तिथलं फूल उचलत नाही. कुंपण नाही, पाटी नाही, कागद नाही. आणि फूल पाडायचं नसतं. ते पहाटे आपसूक गळतं, सकाळभर गळत राहतं, तेव्हा वाकून एकेक वेचायचं. वाळवून ठेवलं की वर्षभर पुरतं. लग्नाला, मरणाला, देवाला, सगळ्याला याच झाडांचं लागतं. फुलं सरली की टोळंबी, म्हणजे मोहाचं फळ, धरते; तिच्या बियांचं तेल काढतात.

अडचण अशी झाली, की ती चार झाडं ज्या पट्टीत उभी होती ती पट्टी खालच्या एका माणसानं कसायला घेतली. त्यानं पपई लावली, ठिबक टाकलं, भोवती तारेचं कुंपण केलं. मोहाची सावली पपईवर पडते आणि बाया ठिबकच्या नळ्या तुडवतात, म्हणून झाडं तोडायची असं त्यानं ठरवलं. याहा आडवी गेली. आदल्या हंगामात त्याच्या गड्यांनी दोघींच्या टोपल्या लाथाडल्या. सुनेनं तहसीलला अर्ज केला. उत्तर आलं ते असं: हंगामात मंडळ अधिकारी जागेवर येतील, झाडं कोण वेचतं ते पाहतील, वहिवाट कुणाची ते लिहितील. तोवर तोड नाही.

म्हणजे याहानं त्या हंगामात रोज झाडांखाली असणं भाग होतं. एक आठवडा जरी हुसकावली गेली असती, तरी वहिवाट मोडली असं दाखवायला तेवढं पुरलं असतं. आणि झाडं गेली असती. आम्ही दोघींनी तिथं असायचं ते यासाठी.

मैत्रिणीनं तिकडून आणलेले नियम मला पहिल्याच दिवशी ऐकवले. दिसेल अशा जागी बसायचं. भांडायचं नाही. फोन हाताशी ठेवायचा. सांगतील तेवढंच काम करायचं, त्यांचं काम आपल्या हातात घ्यायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पहाटे अंधुक दिसायला लागलं की आम्ही कुंपणाच्या फटीतून आत जायचो. हवेत तो गोड, जड, जरासा आंबूस वास. फुलं टप टप पडायची आणि तो आवाज थांबायचाच नाही. याहा उकिडवी बसून झाडाभोवती सरकायची. तिची बोटं चालताना दिसत नसत, टोपली भरलेली मात्र दिसे. सून दुसऱ्या झाडाखाली. आम्ही दोघी मध्ये एका दगडावर, दोन भुतं बसवल्यासारख्या.

झाडांना नावं होती. त्यांच्या बोलीतली नावं माझ्या तोंडात नीट बसत नाहीत, सुनेनं अर्थ सांगितले ते असे: वाकडं, पाणवठ्याचं, म्हातारं आणि उशिराचं. उशिराच्या झाडाखाली अंगण लख्ख झाडलेलं होतं आणि एकही फूल नव्हतं.

"हे का पडत नाही?" मी विचारलं.

"ते उशिराचं आहे, बाई. बाकीची संपली की ते सुरू होतं."

"किती उशिरा?"

"त्याला वाटेल तेव्हा."

हे उत्तर मला आवडलं नव्हतं. शाळेत असं उत्तर देणाऱ्याला मी बाकावर उभं करत असे.

पहिले दोन दिवस तो पपईवाला दुरून बघून गेला. तिसऱ्या दिवशी जवळ आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तरुण, पांढरा शर्ट, पायात चिखलानं भरलेले बूट.

"बाई, तुम्ही आठे काय करी ऱ्हायनात?"

"बठेल शेतस, भाऊ," मैत्रीण म्हणाली.

"ते दिखस मले. पन कसाले?" मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "बाई, वावर मी करस, पानी मी देस, ठिबक मन्हं. मंग झाड कोनं?"

मी तोंड उघडलं. मैत्रिणीनं वाकड्या मनगटाच्या हातानं माझा दंड दाबला. मी तोंड मिटलं. त्यानं गड्याला हाक मारून एक पिकलेली पपई आणवली आणि आमच्या दगडावर ठेवली. "खा. दुश्मनी नही शे," असं म्हणून गेला. खरं सांगते, त्याच्याशी भांडणं सोपं गेलं असतं. त्या पपईनं माझी पंचाईत केली. याहानं मात्र ती चिरून चौघींना वाटली आणि बिया जपून पदराला बांधल्या.

असे दिवस जायला लागले आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. बसायचं म्हणजे किती बसायचं? मी उठून कुंपणापर्यंत जायची, तारा मोजायची, परत यायची. टोपल्या सावलीत सरकवायची, सून त्या मुकाट्यानं परत जागेवर आणायची. मी वेचू लागले तर फुलाबरोबर माती आणि काड्या यायच्या; याहा माझी ओंजळ ओतून घेऊन पुन्हा निवडायची. तिचं एक काम मी दोन करून ठेवत होते. मैत्रीण मला म्हणाली, "बठता येत नही का वं तुले? उगी बठ ना माय."

"तुझ्याकडे तिथं निदान काठ्या तरी होत्या," मी म्हणाले.

ती हसली. मला हसू आलं नाही.

मग निरोप आला की मंडळ अधिकारी उद्या दुपारी येणार. आणि त्या आदल्या दिवशीच नेमकं आभाळ आलं. ढगाळ दिवशी मोह हात आखडतो. पहाटेपासून तिन्ही झाडांखाली मिळून अर्धी टोपलीसुद्धा भरली नाही. याहाला त्याचं काही नव्हतं. घरी अंगणात वाळत घातलेली फुलं भिजतील या काळजीनं ती आणि सून वर पाड्यावर गेल्या. मैत्रीण फोनला रेंज मिळते त्या टेकाडावर गेली, साहेब नक्की किती वाजता येणार ते विचारायला. जाताना मला सांगून गेली, "तू फक्त इथं बस."

मी बसले. डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. उद्या साहेब येणार, रिकाम्या टोपल्या बघणार आणि लिहिणार, वेचण्यासारखं काही आढळलं नाही. चार झाडांपैकी एकाखाली तर हंगामभर फूल पडलेलं नाही. तो पपईवाला म्हणणार, बघा, हे झाड यांचं असतं तर यांनी वेचलं नसतं का? म्हातारीला हे कसं कळत नाही? वर बघितलं तर उशिराच्या झाडाच्या शेंड्याशेंड्यांवर कळ्यांचे झुबके नुसते लगडले होते. आहेत, आणि खाली येत नाहीत! मला त्या झाडाचा राग आला. होय, झाडाचा.

कुंपणाच्या कामातून उरलेले बांबू कडेला पडले होते. त्यातला एक लांबसा मी उचलला, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि झाडाच्या पाड्याकडच्या बाजूनं सुरुवात केली. चित्रफितीत पाहिलं होतं तसं, सपासप. पहिल्या फटक्याला कळ्यांचा पाऊस पडला आणि मला इतकं बरं वाटलं! इतक्या दिवसांचं बसणं हातांतून बाहेर पडत होतं. किती वेळ झोडपत होते कोण जाणे. घामानं चिंब झाले, टोपली शिगोशीग भरली. मी बांबू टाकला आणि त्या टोपलीशेजारी बसून त्यांची वाट बघू लागले. शाबासकीची वाट बघत होते, दुसरं काय.

याहा पुढं आली, सून मागं. याहानं आधी टोपलीकडे पाहिलं नाही, झाडाकडे पाहिलं. मग जमिनीकडे. लख्ख झाडलेल्या अंगणात मोडलेले शेंडे, कोवळी तांबूस पानं आणि हिरव्या टणक कळ्या पसरल्या होत्या. ती खाली बसली. एक कळी उचलून तिनं नखानं दाबली. रस आला नाही. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी सुनेला विचारलं.

"ती म्हणते, साहेब उद्या येणार हे झाडाला काय माहीत?"

मग सुनेनं मला जे समजावलं ते तिनं मला आधीच सांगितलेलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. मोह शेंड्याला फुलतो. शेंडा मोडला की त्या फांदीचं यंदाचं गेलं, टोळंबी गेली आणि पुढच्या साली काय होईल ते सांगता येत नाही. आणि बाकीची तीन झाडं संपल्यावर, घरातलं सरत आलेलं असताना, या एका झाडावर त्यांचे शेवटचे दिवस निघतात. म्हणून ते उशिराचं. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं वर्गात गृहपाठ वाचून दाखवावा तसं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैत्रीण आली, तिनं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "अगं, ते ऑलिव्ह होतं," एवढंच म्हणाली. चौघींनी मिळून अंगण पुन्हा झाडलं. शेंडे उचलून वर घराकडे नेले. संध्याकाळपर्यंत खाली काही खूण राहिली नाही आणि मला वाटलं, चला, निदान साहेबांना तरी दिसणार नाही.

फोन पपईवाल्याकडेही आहे, हे कसं कुणाच्या लक्षात आलं नाही?

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ झालं होतं. मंडळ अधिकारी आले, बरोबर तलाठी, पाड्याचे दोन कारभारी आणि पपईवाला. साहेबांनी तीन झाडांखालची अंगणं पाहिली, टोपल्या पाहिल्या, याहाला विचारलं, कारभाऱ्यांना विचारलं. सगळं सरळ चाललं होतं. उशिराच्या झाडापाशी आल्यावर पपईवाल्यानं फोन पुढं केला.

"साहेब, हाई देखा. ज्यानं झाड ऱ्हास तो झाडले झोडपस का? डोंगरना मानूस मोहले काठी लावत नही, हाई मले बी माहीत शे. हाई त्यास्नं झाड नहीच. चोरी करी ऱ्हायनात."

फोनमध्ये एक बाई होती. दुरून, कुंपणापलीकडून घेतलेली. पाठमोरी, पदर डोक्यावर, कमरेला खोचलेला, हातात बांबू. कुणीही असू शकली असती.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"ह्या घरनी सून, दुसरी कोन?" तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं असणार.

साहेबांनी सुनेकडे पाहिलं. सून खाली बघत राहिली. मला वाटलं, आता ती सांगेल. तिनं सांगितलं नाही. आपल्या बाईंची मैत्रीण, वयानं मोठी, शाळेत शिकवलेली. तिचं नाव कसं घ्यायचं? याहाही गप्प. दोघी आपल्या झाडाची चोरी स्वतःच्या अंगावर घेऊन उभ्या होत्या आणि मी, जिला एरवी क्षणभर गप्प राहता येत नाही ती, गप्प होते. भांडायचं नाही, नियमच होता ना! नियम इतका सोयीचा मला कधीच वाटला नव्हता. शिवाय पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून आम्हा दोघींची सही घ्यायची होती. मी कबूल केलं तर त्या सहीला काय अर्थ राहणार? हे सगळं मी स्वतःला सांगितलं. चांगला मिनिटभर सांगत राहिले. त्या मिनिटाची लाज मला त्या बांबूपेक्षा जास्त आहे.

"ती मी आहे," मी म्हणाले. "काठी मी मारली. यांना न विचारता मारली. यांना माहीत असतं तर मारू दिली नसती."

"तुम्ही साक्षीदार ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग झाड कशाला झोडपलंत?"

"टोपली रिकामी दिसेल म्हणून," मी म्हणाले. कारभाऱ्यांपैकी एक जण तोंड फिरवून हसला. पपईवाला हसला नाही. त्यानं फोन खिशात ठेवला आणि सुनेकडे बघून ओशाळल्यासारखा मागं सरकला.

साहेबांनी तीन झाडांची वहिवाट याहाच्या घराची लिहिली. चौथ्याबद्दल लिहिलं ते मला शब्दशः आठवत नाही, अर्थ असा होता: या झाडाखाली वेचलेलं फूल आढळलं नाही, वापराबद्दल खात्री होत नाही, पुढच्या हंगामात पुन्हा पाहणी करावी, तोवर झाड तोडू नये. साक्षीदार म्हणून मैत्रिणीची सही घेतली. माझी घेतली नाही. मी पेन काढून उभी होते, ते परत पर्समध्ये टाकलं.

घरी आले आणि बरण्यांना हात लावला नाही. नवऱ्यानं दोन दिवस वाट पाहिली आणि मग विचारलं, "बरं नाही का?"

वर्षभर मी मनातल्या मनात त्या झाडाभोवती फिरत होते. बाजारात मोहाची फुलं दिसली की रस्ता बदलायचे. पुढच्या होळीनंतर मैत्रीण निघाली तेव्हा मी तिला विचारायला लावलं, मी आले तर चालेल का? सुनेनं फोनवर सासूला विचारलं. मागून याहाचा आवाज आला आणि सून हसली. "या म्हणते. काठीवालीला आण, म्हणते."

पाड्यावर माझं नाव पडलं होतं. पोरंसोरं लांबून बघायची आणि कुजबुजायची: काठीवाली. मी कुणाला दोष देणार?

पहिल्याच पहाटे मी पदर खोचून याहापुढे गेले आणि झाडूसाठी हात पुढे केला. निदान अंगण झाडीन, वर्षभराचं थोडं फेडीन. तिनं झाडू दिला नाही. दगडाकडे बोट दाखवलं. टोपलीही दिली नाही. मग मी बसले. बोटं एकमेकांत अडकवून, तळवे मांडीवर दाबून बसले. पाय हलायचा, तो दुसऱ्या पायानं दाबून धरायचे. वाकडं पडू लागलं, पाणवठ्याचं पडू लागलं, म्हातारंही. याहा रोज पहाटे आधी उशिराच्या झाडाखाली जायची, पडलेली चार पानं झाडून काढायची, अंगण लख्ख करायची आणि मग बाकीच्या झाडांकडे वळायची. झाडाच्या पाड्याकडच्या बाजूला पालवी फुटली होती, पण तिच्यात कळी नव्हती. दुसऱ्या बाजूला उंचावर थोडे झुबके होते. खाली काहीच येत नव्हतं.

पपईवाला एकदा आला. कुंपणाला त्यानं स्वतःहून ये-जा करण्यापुरतं फाटक बसवलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "पडनं का काही, बाई?"

"नही, भाऊ."

"पडी तं पडी," तो म्हणाला आणि गेला. मी उठले नाही.

साहेब आले तेव्हा तीन झाडं संपत आली होती आणि उशिराचं सुरू झालं नव्हतं. वर्ष फिरून तोच दिवस आला होता, तेच मोकळं अंगण. पपईवाल्यानं आपलं म्हणणं मांडलं, या खेपेला जरा नरमाईनं: "फूलच नही, साहेब, तं वहिवाट कसानी लिखशात?"

साहेबांनी अंगणाभोवती एक फेरी मारली. "तुम्ही झाडून घेता का हे?" त्यांनी पपईवाल्याला विचारलं.

"मी कसाले झाडू?"

"मग रोज कोण झाडतं?"

"सासू," सून म्हणाली.

"काही पडत नाही तरी?"

सुनेनं प्रश्न तिकडे पोचवला. याहाला तो प्रश्नच विचित्र वाटलेला दिसला. तिनं आधी साहेबांकडे, मग सुनेकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलली.

"ती म्हणते, झाडायचं सोडलं तर ते पडणार कुठं?"

साहेबांनी तलाठ्याकडून कागद घेतला. जे झाड काही देत नाही त्याखाली रोज पहाटे येऊन झाडणारं धन्याशिवाय दुसरं कोण असणार, हे त्यांना कळलं असावं. निदान लिहिलं तरी तसं. चौथं झाडही याहाच्या घराचं. पपईवाल्यानं मान हलवली आणि सही केली. मैत्रिणीनं केली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही आणि ते बरोबरच होतं. मी दगडावर बसून रडले. आनंदानं रडले असं म्हणायला बरं वाटेल, पण त्यात सुटल्याचाच भाग जास्त होता.

मी लोणखेड्याला परत आले. काही दिवसांनी सकाळी सुनेचा फोन आला. "पडायला लागलं, बाई. याहा म्हणते, काठीवालीला सांग."

मी होते तशी निघाले. पोचले तेव्हा ऊन चढलं होतं आणि झाडाच्या पलीकडच्या बाजूला, जिथं बांबू पोचला नव्हता, फुलं पडत होती. थोडीच, पण टपोरी. याहा तिथं वेचत होती. मला बघून ती उठली, एक रिकामी टोपली आणून माझ्या हातात दिली आणि दंडाला धरून मला झाडाला वळसा घालून अलीकडे आणलं. पाड्याकडच्या बाजूला, जिथं मी काठी चालवली होती, तिथं मला बसवलं आणि ती परत आपल्या बाजूला गेली.

त्या बाजूला काही पडत नव्हतं, पण अंगण तिथलंही लख्ख झाडलेलं होतं. मी टोपली पुढ्यात घेऊन दुपारपर्यंत तिथं बसले.